देवणीला दिलेलं घड्याळ

किसनराव सोनकांबळे माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचेच नाहीत. त्यांची नजर पहिल्यांदा मनगटावर जायची, तिथं काही सापडलं तर थोडा वेळ घुटमळायची आणि मग नाइलाज म्हणून वर तोंडापर्यंत यायची. त्यामुळे माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती घड्याळांवरून. "ते चौकोनी डायलवाले येऊन गेले का?" असं ते विचारायचे आणि आम्हाला, म्हणजे टंचाई शाखेतल्या बाकीच्यांना, तेवढ्यावरून माणूस ओळखावा लागायचा. माझ्या घड्याळाच्या काचेला चीर होती. त्यामुळे त्यांच्या लेखी मी बरेच दिवस 'फुटकी काच' होतो, आणि माझं नाव बिराजदार आहे हे त्यांना कुणीतरी दोनदा सांगावं लागलं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. उस्मानाबादहून ट्रक भरभरून फायली येत होत्या. कचेरीत खुर्च्या कमी आणि साहेब जास्त अशी अवस्था होती. बीड, परभणी, औरंगाबाद, सगळीकडून माणसं आली होती आणि जो तो आपल्या जुन्या जिल्ह्यात हे काम कसं व्हायचं ते दुसऱ्याला ऐकवत होता. जिल्हा नवा असला तरी दुष्काळ मात्र जुनाच होता, त्याला कुठली इमारत किंवा फर्निचर लागत नव्हतं. त्या गडबडीत नांदेडहून बढतीवर अव्वल कारकून म्हणून किसनराव आले आणि टँकरचं सगळं काम त्यांच्या गळ्यात पडलं.

उंच, काटकुळा माणूस. बारा महिने अर्ध्या बाहीचा शर्ट, कारण पूर्ण बाहीखाली घड्याळ झाकलं जातं. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. फाइल वाचायची उभ्यानं, चहा घ्यायचा चालता चालता. बोलता बोलता ते व्हरांड्यात निघून जायचे आणि उरलेलं वाक्य आम्हाला खिडकीतून ऐकू यायचं. मी चिडायचो. म्हटलं, एकदा बसा आणि काय ते सांगा. त्यावर ते म्हणायचे, "बसून काय करू? बसलो की पाय बोलून राहतात."

घड्याळांचा शौक बऱ्याच लोकांना असतो. पैसेवाले लोक परदेशातून घड्याळं मागवतात आणि कपाटात ठेवतात. किसनरावांचा शौक वेगळाच होता. घड्याळ विकत घेणं म्हणजे त्यांच्या मते नुसती खरेदी, तिच्यात शौक कसला? ते करायचे ती अदलाबदल. तुमच्या हातातलं घड्याळ त्यांना आवडलं की ते तुमचा हात हातात घ्यायचे, पंजा पालथा करायचे आणि हळूच म्हणायचे, "जरा बघू." मग ते घड्याळ कानाला लागायचं, उजेडाला धरलं जायचं, चावी फिरवून बघितली जायची. तोवर त्यांनी आपलं घड्याळ काढून तुमच्या हातात घातलेलंही असायचं. तुम्ही नको म्हणेपर्यंत ते तुम्हाला शोभायलाही लागायचं. अशानं त्यांचा संग्रह कधी वाढला नाही, नुसता बदलत राहिला. नांदेडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे लोकांनी टाकून विसरून गेलेली काही घड्याळं त्यांनी तरुणपणी आणली होती, तेवढंच भांडवल. पुढची सगळी वर्षं तीच घड्याळं रूप बदलून त्यांच्या घरात नांदत होती.

ती ठेवायची जागाही ऐकण्यासारखी आहे. शेवंताबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, स्टीलचा मसाल्याचा गोल डबा त्यांनी लग्नानंतर लवकरच बळकावला होता. आतल्या एकेका वाटीत कापूस आणि कापसावर एकेक घड्याळ. डबा कितीही घासला तरी हळदीचा आणि धन्याचा वास गेला नव्हता. किसनरावांशी अदलाबदल केलेला माणूस कचेरीत बसल्या बसल्या मनगट हुंगताना दिसला की आम्ही समजून जायचो. शेवंताबाई मसाल्याच्या पुड्या वेताच्या पाटीत ठेवत आणि पाहुण्यांसमोर म्हणत, "आमच्यात तिखट-मीठ पाटीत ऱ्हातं, आन् टाइम डब्यात."

एकदा मंत्र्यांचा दुष्काळी दौरा होता. सगळी कचेरी चार दिवस झोपली नव्हती. टँकरच्या आकड्यांची जबाबदारी किसनरावांची. बैठकीत मंत्र्यांनी काहीतरी विचारलं, कलेक्टरसाहेबांनी मागं वळून बघितलं, आणि किसनरावांची जागा रिकामी. मी बाहेर धावलो. हे महाशय व्हरांड्याच्या टोकाला मंत्र्यांच्या स्वीय सहायकाचा हात धरून उभे. दोघं तबकडीवरच्या तारखेच्या खिडकीबद्दल बोलत होते. मी जवळजवळ ओढतच त्यांना आत नेलं. आत गेल्यावर सगळे आकडे त्यांनी घडाघडा सांगितले, हेही खरं. बैठक संपली तेव्हा स्वीय सहायकांच्या हातात हळदीच्या वासाचं घड्याळ होतं आणि दोघंही खूश होते.

या व्यवहारात त्यांचा एकच कायदा होता. हातातून हातात गेलं की विषय संपला. परत मागायचं नाही, परत द्यायचं नाही. निलंग्याकडचा एक तरुण तलाठी दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी आला. अदलाबदलीत दिलेलं घड्याळ त्याच्या मोठ्या भावाचं होतं आणि घरात भांडण पेटलं होतं. किसनरावांनी त्याला चहा पाजला, पोहे खाऊ घातले, भावाला समजावायला स्वतः येतो म्हणाले. घड्याळ काही दिलं नाही. "आज तुला परत दिलं तर उद्या मला कोण हात दाखवील?" एवढंच त्यांचं म्हणणं. तलाठी गेल्यावर शेवंताबाई बराच वेळ भांडी आदळत होत्या, हे किसनरावांनीच मला हसत हसत सांगितलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्या फुटक्या काचेकडे दयेनं बघितलं.

फक्त एक घड्याळ या सगळ्याच्या बाहेर होतं. ते मसाल्याच्या डब्यात नसायचं. लग्नातल्या कोटाबरोबर ट्रंकेत असायचं आणि नांदेडला सासुरवाडीला जायचं असलं तरच बाहेर निघायचं.

शेवंताबाईंचे वडील लिंबाजीबाबा नांदेडच्या कापड गिरणीत कामाला होते. त्यांचा सगळा जन्म भोंग्यावर गेला. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की पळायचं, भोंगा झाला की भाकरी सोडायची. वेळ नेहमी दुसऱ्याच्या ताब्यात. घरात पहिला कचेरीतला जावई मिळाला तेव्हा त्यांनी नंबर लावून सरकारी कारखान्याचं एक घड्याळ मिळवलं. लग्नात, बुद्धवंदना झाल्यावर, सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांनी ते स्वतःच्या हातानं जावयाच्या मनगटावर बांधलं. म्हाताऱ्याला घड्याळ बघता येत नव्हतं. त्यामुळे जावई घरी आले की त्यांचा एकच छंद असायचा. दर थोड्या वेळानं विचारायचं, "जावईबापू, किती वाजले?" जावई हात वर करून बघणार, वेळ सांगणार, आणि म्हातारा "हां" म्हणून समाधानानं भिंतीला टेकणार. शेजारी कुणी बसलेलं असलं तर दोनदा जास्त विचारणार. पुढं गिरणी सुटली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, छाती भरून यायला लागली, तरी हा प्रश्न चुकला नाही.

आमच्याकडे सासऱ्यानं दिलेलं घड्याळ जावयाच्या हातात नसणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. अंगठी हरवली तर चोरीला गेली म्हणता येतं. घड्याळ नसलं की जावयानं विकलं, असंच सगळे धरून चालतात.

तर एका शनिवारी किसनराव ते घड्याळ घालून कचेरीत आले होते. दुपारच्या एसटीनं दोघं नवरा-बायको नांदेडला जाणार होते. नेमकी त्याच सकाळी देवणीच्या चारा छावणीची तक्रार आली आणि साहेबांनी आम्हा दोघांना जीपमध्ये घातलं. देवणीची जनावरं एरवी बघत राहावीत अशी. त्या वर्षी त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. छावणीच्या कडेला लिंबाखाली महेबूबसाब नावाचे एक म्हातारे नालबंद बसले होते. बैलांच्या खुरांना नाल ठोकणं हा त्यांचा पिढीजात धंदा. पण बैलच उभे राहत नव्हते तिथं नाल कोण ठोकून घेणार? हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन ते नुसते बसले होते, आणि त्यांच्या मनगटावर एक जुनं घड्याळ होतं.

मी काही बोलायच्या आत किसनराव त्यांच्यासमोर उकिडवे बसलेले. निजामाच्या काळातलं घड्याळ, पिवळी पडलेली तबकडी आणि तिच्यावर उर्दू आकडे. किसनरावांची पहिली इयत्ता निजामाच्या शाळेत झाली होती, त्यांनी आकडे पहिल्यांदा गिरवले ते हेच. लहानपणी तहसीलच्या एका पेशकाराच्या हातात त्यांनी असं घड्याळ पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते शोधत होते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन ते 'जरा बघू' म्हणायचं विसरले होते.

महेबूबसाबांना घड्याळ द्यायला हरकत नव्हती. लेकीचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं, आणि जावयाला घड्याळ द्यायचं कबूल केलेलं. ते त्यांच्या वडिलांचं घड्याळ. पण नव्या पोराला हे उर्दू आकडे वाचता येत नाहीत, ते म्हणाले, त्याला आजच्या जमान्याचं पाहिजे. आणि त्यांनी किसनरावांच्या मनगटाकडे बोट केलं.

किसनराव उठले. जीपपर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. मी म्हटलं, किसनराव, उद्या डब्यातलं दुसरं घेऊन या. ते म्हणाले, उद्यापर्यंत हा म्हातारा दुसऱ्या कुणाशी सौदा करील. मग पुढच्या आठवड्यात डब्यातलं चांगलं घड्याळ आणून बदलून नेऊ, लग्नाला वेळ आहे, असं स्वतःशीच पुटपुटले. आणि पट्टा सोडला. स्वतःचा कायदा मोडायचा बेत मनात ठेवूनच त्यांनी ते घड्याळ दिलं, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. ही काही विसरभोळ्या माणसाची चूक नव्हती.

दुपारची एसटी कशीबशी मिळाली. नांदेडला लिंबाजीबाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, जावईबापू, किती वाजले? किसनरावांनी उर्दू आकड्यांत बघून मराठीत वेळ सांगितली. मोतीबिंदूमुळे म्हाताऱ्याला काही दिसलं नाही. शेवंताबाई चहाचा कप घेऊन समोरच उभ्या होत्या. त्यांनी ते मनगट बघितलं. परतीच्या गाडीत लोहा गेलं, अहमदपूर गेलं. लातूर जवळ आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बाबा हायेत तवर ते घड्याळ आणा." त्यानंतर त्या नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. स्वयंपाक, पाणी, दळण, सगळं वेळच्या वेळी.

किसनरावांनी पुढच्याच आठवड्यात देवणी गाठली. मलाही नेलं. मसाल्याचा डबा मांडीवर होता. महेबूबसाबांच्या दारात मांडवाचे वासे अजून उभे होते. मुलाकडच्यांनी घाई केल्यामुळे लग्न अलीकडे आणून उरकलं होतं. किसनरावांनी डबा उघडला, यातली वाटेल ती घ्या म्हणाले, उर्दू आकड्यांचंही परत घ्या, फक्त ते एक घड्याळ द्या. म्हाताऱ्यानं डब्यातल्या वाट्यांवरून बोट फिरवलं, वास आला म्हणून जरासा हसला.

"घडी तो दामाद के हात में है साब," तो म्हणाला. "दामाद के हात का उतारते क्या?"

किसनरावांनी डब्याचं झाकण लावलं.

जावई अहमदपूरचा, नाव शौकत, एवढं कळलं. अहमदपूरला गेलो तर घरी नवी नवरी आणि सासू. शौकत कुठंय? टँकरवर. कुणाच्या टँकरवर? सरकारी कामावर लावलेल्या. म्हणजे आमच्याच शाखेच्या. रोज सकाळी ज्या टँकरांना गावं नेमून देत होतो, त्यांतल्याच एकाच्या स्टीअरिंगवर किसनरावांचं घड्याळ जिल्हाभर फिरत होतं. मला हसू आवरेना. किसनराव मात्र जीपच्या बॉनेटला हात टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "बिराजदार, ह्याला मीच पळवून राहिलो की."

मग सुरू झाली ती धावपळ मी जन्मात विसरणार नाही. ज्या गावाला टँकर नेमलेला त्या गावाला आम्ही जायचो, तर टँकर पाणी टाकून गेलेला असायचा. पुढच्या गावाला जावं तर वाटेत बिघडलेला. किसनराव खाली उतरून व्हॉल्व्ह कुठून गळतो, विहिरीवर कोण कुणाला अडवतं, खेपा खरंच होतात की नाही, सगळं तिथल्या तिथं निकाली काढायचे, कारण टँकरची वाट बघत थांबायचं तर हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नव्हतं. अहमदपूर तालुक्यातल्या तक्रारी थांबल्या. कलेक्टरसाहेबांनी बैठकीत त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि किसनराव दाराकडे बघत होते. घरी त्या दिवशीही शेवंताबाईंनी विचारलं नाही की आज काय झालं. मधूनच नांदेडहून मेहुण्याचा निरोप यायचा, बाबांची छाती पुन्हा भरली, आणि किसनरावांचं जेवण जायचं.

एका गावात भर उन्हात बायका घागरींची रांग लावून बसल्या होत्या. आम्ही पोचलो, टँकर नव्हता. किसनराव रांगेच्या कडेनं येरझाऱ्या घालू लागले. दर मिनिटाला रस्त्याकडे बघायचं आणि विचारायचं, टँकर कवा येतो? शेवटी एक म्हातारी कंटाळून म्हणाली, "सायेब, तुमाला बी पानी पायजे असंल तर घागर आना अन् लायनीत बसा." सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. किसनराव खरोखरच तिच्या शेजारी धुळीत बसले.

थोड्या वेळानं टँकर आला. शौकत खाली उतरला. विशी-बाविशीचा पोरगा, अंगाला अजून लग्नाच्या हळदीचा पिवळेपणा. मनगटावर ते घड्याळ. पट्टा त्याला सैल होता, घड्याळ सारखं पंजापर्यंत उतरायचं आणि तो दंडाकडे ढकलायचा. बायकांच्या घागरी भरून झाल्या तसे किसनराव त्याच्याजवळ गेले. त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. खिशात उर्दू आकड्यांचं घड्याळ होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी विचारलं, घड्याळ नवं दिसतंय.

पोरगा लाजला. "सासऱ्यानं दिलं, साहेब. त्याच्या बापाचं घड्याळ देऊन माझ्यासाठी आणलं म्हणे कुठून तरी. घरात लई रडारड झाली, पण सासरा ऐकला न्हाई."

किसनरावांचा हात खिशातच राहिला. टँकरचे टायर जरा बघून घे, एवढं म्हणून ते जीपकडे वळले. मी पूर्ण वाटभर त्यांच्यावर चिडलेलो होतो. इतके दिवस उन्हातान्हात माझाही जीव काढला होता त्यांनी. म्हटलं, मागितलं असतं तर दिलं असतं त्यानं, तुम्ही त्याचे साहेब आहात.

"दिलंच असतं," किसनराव म्हणाले. "म्हणून तर मागाय आलं न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "उद्या महेबूबसाब त्याच्या घरी येणार. हाताकडंच बघणार पहिल्यांदा."

त्या शनिवारी ते एकटेच नांदेडला गेले. तिथं काय झालं ते मला सोमवारी कँटीनच्या मागं सांगितलं. लिंबाजीबाबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. त्यांनी वेळ विचारली. किसनरावांनी सांगितली नाही. घड्याळ देवणीला एका नालबंदाला देऊन टाकलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. केव्हा, कशाच्या बदल्यात, तेही सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. 

"तवापासून मी किती बारी टाइम इचारला," तो म्हणाला. "तू कशात बघून सांगत व्हतास?"

हे मला सांगताना किसनरावांचा चहा हातातच निवला. घड्याळ दिल्याचं म्हाताऱ्याला एवढं लागलं नव्हतं. दिसत नाही म्हणून आपल्याला फसवलं, हे लागलं. जो प्रश्न विचारून त्याला आयुष्याचं सार्थक वाटायचं, त्या प्रश्नाला त्याला इतके दिवस परक्या घड्याळातून उत्तरं दिली गेली होती. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर किसनराव दर आठवड्याला नांदेडला जात राहिले, खाटेशेजारी बसून राहिले, पण म्हाताऱ्यानं वेळ विचारली नाही. जेवलास का, पाणी आलं का, एवढंच. किसनरावांनी मसाल्याचा डबा रिकामा करून शेवंताबाईंना परत दिला. त्यांनी तो घासून माळ्यावर टाकला. मला तेव्हा किसनरावांची फार कणव आली, आणि मी घड्याळांवरून त्यांची चेष्टा करणं सोडून दिलं.

उन्हाळा सरत आला असताना लिंबाजीबाबांनी निरोप धाडला. ज्याच्या हातात घड्याळ आहे त्या पोराला घेऊन या. का, ते कळवलं नव्हतं.

शौकत आधी तयार होईना. त्याला सगळी हकीकत सांगावी लागली, आणि ती ऐकून तो जास्तच घाबरला. घड्याळ मागणार असाल तर आत्ताच सांगा साहेब, असं त्यानं दोनदा म्हटलं. किसनरावांनी त्याला शब्द दिला. शेवटी मी बरोबर येतो म्हटल्यावर तो निघाला. किसनराव, शेवंताबाई आणि मी लातूरहून बसलो, शौकत अहमदपूरच्या स्टँडवर चढला. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. शेवंताबाईंनी त्याच्या हाताकडे एकदा बघितलं आणि खिडकीजवळची जागा त्याला दिली.

गिरणीच्या मागच्या बाजूच्या वस्तीतलं दोन खोल्यांचं घर. म्हातारा पार खंगला होता. त्यानं शौकतला खाटेवर जवळ बसवून घेतलं, त्याचं मनगट चाचपलं आणि उचलून आपल्या कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिला. कोपऱ्यात किसनराव एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे होते.

"चालून राहिलंय," म्हातारा म्हणाला. मग विचारपूस सुरू झाली. नाव काय, बाप काय करतो, बायको कुठली, टँकर कुठवर जातो. सासरा चांगला हाय का, असंही विचारलं. शौकत म्हणाला, लई चांगला हाय. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि लेकीला हाक मारली. शेवंताबाईंनी आतून ताट आणलं. ताटात नवा टॉवेल आणि टोपी. जावयाला करतात तो आहेर. शौकत गोंधळून किसनरावांकडे बघू लागला. आहेर एकच होता. शेवंताबाईंनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, हितून पुढं नांदेडला आलास तर दुसरीकडं जेवायचं न्हाई.

लिंबाजीबाबा पाऊस पडायच्या आत गेले. किसनरावांनी पुढं खटपट करून नांदेडला बदली मागून घेतली आणि निवृत्तही तिथंच झाले. आमची गाठ नंतर दोन-तीनदा पडली, लग्नाकार्यात, घाईत. पण मला त्यांची आठवण आली की डोळ्यांपुढं येतो तो आहेर झाला त्या दुपारचा लिंबाजीबाबांच्या दारचा ओटा.

पानं वाढून झाली होती. पाहुण्याला हात धुवायला पाणी द्या, असं म्हाताऱ्यानं आतून सांगितलं. मेहुण्याचा मुलगा उठला, पण किसनरावांनी तांब्या आधीच उचलला होता. त्या वस्तीत तेव्हा एक दिवसाआड पाणी यायचं, तांब्या अर्धाच भरलेला. शौकत ओट्याच्या कडेला वाकला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले. सैल पट्ट्यातलं घड्याळ घसरून पंजावर आलं. किसनरावांनी तांब्या खाली ठेवला. दोन्ही हातांनी ते घड्याळ धरलं, हळूहळू वर सारत कोपरापर्यंत नेलं, तिथं नीट बसलंय का ते बघितलं. मग तांब्या उचलून त्याच्या हातांवर बेतानं पाणी घातलं.